गुळाच्या दुकानातला ळ

मुलांनो, तुमचं संगणकावर छापलेलं मराठी पत्र काल मिळालं. मजकूर वाचण्याआधी मी नुसती अक्षरंच पाहत बसले, कारण ती कोणी काढली हे मला माहीत आहे. तुमच्या आजोबांच्या मावसभावाने, म्हणजे माझ्या भावोजींनी. तुम्ही त्यांना कधी पाहिलं नाहीत, म्हणून आज हे लिहायला घेतलं.

पुण्यात भावोजींइतकं चाललेला आणि त्यांच्याइतका वेळेवर कुठेही न पोचलेला दुसरा माणूस झाला नाही. पुस्तकांची मुखपृष्ठं, लग्नपत्रिका यांसाठी ते हाताने अक्षरं काढत. पण टेबलाशी बसून त्यांना साधा काना सुचत नसे. सकाळी नारायण पेठेतून निघायचं आणि मान वर करून दुकानांच्या पाट्या बघत, बोटाने हवेत अक्षरं गिरवत चालत राहायचं. समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला वाटे, हे आपल्यालाच काही सुनावताहेत. कोणी पत्ता विचारला तर सांगत, "पोट सुटलेला ब दिसला की डावीकडे वळा." एकदा ते दोरीने पाटी मोजत होते, तर कापडवाल्याला वाटलं, महापालिकेचे साहेबच आले. त्याने घाईघाईने चहा मागवला आणि पाटी हातभर आत घेतली. भावोजी चहा संपवून म्हणाले, "चहा उत्तम. तुमचा क मात्र लंगडतो."

पुण्यात संगणक कंपन्या येऊ लागल्या, तेव्हा त्यांतल्या एकीने संगणकासाठी मराठी अक्षरं काढायचं काम भावोजींना दिलं. आम्हा सगळ्यांची मान ताठ झाली. वर्षभरात सगळी अक्षरं झाली, फक्त ळ अडला. शंभर वेळा काढला, शंभर वेळा फाडला. शेवटी कंपनीने कळवलं, सोमवारी सकाळी ळ आला नाही तर सगळंच काम दुसऱ्याला देऊ. साठीच्या माणसाचं जन्मभराचं चालणं एका अक्षरापाशी येऊन थांबलं.

तिथला तरुण इंजिनिअर म्हणाला, "सर, एक लूप मिरर करून पेस्ट करा ना, फिनिश!"

"तुमचा उजवा कान कापून डावीकडे लावू का? तेही फिनिश."

कंपनीने शहरात हिंडायला थंडगार मोटार दिली. भावोजी स्वारगेटला उतरून पायी आमच्याकडे आले.

"वहिनी, काचेआडून अक्षरं तोंड दाखवत नाहीत हो. उद्या रविवार. तुम्ही चला माझ्याबरोबर."

"अहो, यादीशिवाय मी घराबाहेर पडत नाही, माहीत आहे ना?"

"मग लिहा यादीत. ळ."

मी खरोखरच लिहिलं.

दुपारपर्यंत पाय बोलायला लागले होते. कसबा पेठेतल्या एका बोळात भावोजी एकदम थांबले. गुळाचं दुकान होतं. मालकाच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी, तिच्यावर एकच शब्द: गूळ. त्या ळची डावी बाजू आवळलेली होती, आणि उजवी पोटभर जेवून भिंतीला टेकलेल्या माणसासारखी सैल.

"काय हवंय?" मालकाने विचारलं.

"ळ."

"तो विकायचा नाही. गूळ घ्या."

आम्ही किलोभर घेतला. पिशवी मी धरली, कारण भावोजींचं बोट हवेत होतं. शाळेत वळणदार इंग्रजी अक्षरासाठी बक्षिसं मिळवलेली मी, मराठी अक्षर कधी निरखून पाहिलं नव्हतं. पण दोन बाजू सारख्या नसूनही अक्षर तोल सांभाळतं, हे मला त्या बोळात दिसलं.

सोमवारी कंपनीचं फाटक उघडण्याआधीच भावोजी फाटकाशी उभे होते. वेळेआधी पोचल्याचा तेवढा एकच प्रसंग. तो इंजिनिअर नव्या ळच्या दोन्ही बाजूंवरून बोट फिरवत राहिला. मग म्हणाला, "सर, मलाही एकदा चालायला न्या."

आता त्या बोळात मोबाइलचं दुकान आहे. पाटी कुठे गेली कोणालाच माहीत नाही. भावोजींनाही जाऊन बरीच वर्षं झाली. ळ आहे. तुमच्या पत्रात तो अकरा वेळा आला आहे. मी मोजला.