मंदाकिनीबाईंचं दार

कर्वेनगरात आयटीवाल्यांसाठी सोसायट्यांमागून सोसायट्या उठत होत्या, तेव्हा रंगनाथरावांनी आपल्या प्लॉटवर बिनदारांचं घर बांधलं. स्वतः आर्किटेक्ट ना! दारं दोनच, एक पुढचं आणि एक बाथरूमचं. बाकी स्वयंपाक, बैठक, झोपणं, सगळा मोकळा कारभार. "आपल्याच घरात लपवायचंय काय?" म्हणायचे.

मंदाकिनीबाई बँकेत नोकरीला, स्वभावानं अबोल. त्यांनी एकदाच विचारून पाहिलं होतं, "अहो, मला एक छोटीशी खोली मिळेल का, दार असलेली?"

"मग फ्लॅटच घेतला असता की!" संपला विषय. पुण्यात असली उत्तरं फुकट मिळतात.

पुढे बाईंची आई गेल्याचा फोन आला, तेव्हा बैठकीत चार माणसं नकाशे पसरून बसली होती. बाईंनी आधी त्यांना चहा दिला. मग बाथरूममध्ये शिरल्या, नळ पूर्ण सोडला आणि पोटभर रडल्या. तेव्हापासून मन भरून आलं की नळ. बाहेरून रंगनाथराव ओरडायचे, "अगं, पाणी किती वाया घालवतेस!" काय बोलणार बिचारी?

मग शहरातली आगळीवेगळी घरं लोकांना दाखवायचा एक रविवार ठरला. ह्यांच्या दारात चपलांचा ढीग! रंगनाथराव रंगात येऊन मोकळेपणावर बोलत होते. कात्रजहून आलेल्या एक दुर्गाबाई सगळीकडे फिरून आल्या आणि म्हणाल्या, "घर झकास हाय. पण काय हो, बाईमाणसानं रडायचं कुठं?"

हशा पिकला. रंगनाथरावही हसले. "आमच्याकडे ती वेळच येत नाही. काय गं?"

सगळ्यांचे डोळे मंदाकिनीबाईंकडे. 'हो' म्हटलं की सुटल्या असत्या, नेहमीसारख्या. पण त्या दिवशी जीभ वळेना.

"तिथं," त्यांनी बाथरूमकडे बोट केलं. "नळ सोडून."

कुणी हसलं नाही. रंगनाथरावांना ते वाया गेलेलं सगळं पाणी आठवलं.

पंधरवड्यात खिडकीजवळच्या कोपऱ्यात भिंत उठली आणि तिला सागवानी दार बसलं. संध्याकाळी बाई आत गेल्या, कडी लावली आणि खुर्चीवर बसल्या. रडूबिडू काही आलं नाही.

दारावर टकटक झाली. "मंदा, चहा आणलाय. आत येऊ का?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या.

चहा निवत आला, तरी रंगनाथराव कप घेऊन बाहेर उभे होते.