शैलावहिनींनी घेतलेला स्पीकर

दादाचा फोन आला तेव्हा सकाळची वेळ होती, मी भोपाळच्या अवधपुरीतल्या घराच्या गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होतो. "शैला गेली रे," एवढंच तो म्हणाला. आदल्या संध्याकाळी तर वहिनींनी मला झापलं होतं. शाळेतल्या अँप्लिफायरची वायर सैल झाली आहे आणि मी चार दिवस फिरकलो नाही म्हणून. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. त्याला आता दीड महिना झाला. वायर तेव्हाच जोडून आलो, लिहायला मात्र आज बसतो आहे.

वहिनी मूळच्या उज्जैनच्या. लग्न होऊन भोपाळला आल्या त्या कथकचे घुंगरू बरोबर घेऊनच. पुढे कर्णबधिर मुलांच्या एका शाळेत चित्रकला शिकवायला लागल्या आणि दोन वर्षांत तिथे नाच शिकवू लागल्या. घरात सगळे हसले, मीही हसलो. ज्यांना ऐकूच येत नाही त्यांना नाच? "ताल काय फक्त कानातच असतो का, भाऊजी?" त्या विचारायच्या. मी कारखान्यात विजेच्या मोटारी तपासण्यात जन्म घालवलेला माणूस, जे मीटरवर दिसत नाही ते मला पटत नसे. आमचं फार सख्य होतं असंही नाही. त्या फटकळ होत्या, हट्टी होत्या. कुणी मदत केली तर आभार मानायच्या नाहीत, पुढचं काम सांगायच्या.

पुष्कळ वर्षं त्यांनी ढोलावर भागवलं. ढोल जमिनीवर टेकवून बडवायचा आणि मुलांना त्याच्याभोवती अगदी जवळ उभं करायचं. मग त्यांचा उजवा खांदा आखडला, हात वर होईना. शाळेने मोठ्या मुश्किलीने अठरा हजार रुपये मंजूर केले आणि सांगितलं, यात डीजेवाल्यांसारखे स्पीकर बसवा. वहिनींनी मला बोलावलं. "तुम्हाला विजेचं कळतं. चला बाजारात."

मी गेलो तो परीक्षकाच्या थाटात. नव्या बाजारातल्या दुकानात दुकानदार खोक्यांवर छापलेले वॉटचे मोठमोठे आकडे दाखवत होता. मी वहिनींना समजावलं, तो आकडा क्षणभराचा असतो, स्पीकर सतत किती ताकद पेलतो ते बघायचं असतं. ते खरंच होतं. शेवटी मी बारा इंची नवी जोडी निवडली. आवाज स्वच्छ, वर्षभराची गॅरंटी, आणि बजेटात बसणारी. वहिनी तिच्यावर तळहात ठेवून उभ्या होत्या.

"हाताला फारसं काही लागत नाहीये, भाऊजी."

"वहिनी, स्पीकर हाताने नाही, कानाने निवडतात," मी म्हणालो. दुकानदार हसला. वहिनी गप्प बसल्या. गप्प बसणं हा त्यांचा स्वभाव नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये जोडी लावली. मुलं रांगेत अनवाणी उभी राहिली. गाणं सुरू झालं आणि मुलं वहिनींकडे बघत राहिली, सुरू झालंय का, या प्रश्नानं. मी आवाज वाढवत गेलो. खिडक्यांची तावदानं थरथरली, शेजारच्या घरातून माणूस तक्रार घेऊन आला. पण त्या मुलांच्या पायांपर्यंत काही पोचलं नाही. नगमा नावाची नववीतली मुलगी, वर्गातली सगळ्यात चांगली नाचणारी, पुढे आली. तिने स्पीकरला हात लावला आणि वहिनींकडे बघून हळूच मान हलवली. तेवढ्यात मुख्याध्यापिका आल्या. एवढे पैसे घालून हे काय आणलं, असं त्यांनी जरा तीव्रपणेच विचारलं. "कुणी निवडले हे?"

"मी," वहिनी म्हणाल्या. "चूक माझी आहे. मुलांना न विचारता घेतले."

मी शेजारीच उभा होतो. मी काहीही बोललो नाही... हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही, दादालासुद्धा नाही. रिक्षात बसल्यावर मी काहीतरी पुटपुटलो, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या. उद्या ते परत करू. आणि तुम्ही यायचंय."

दुकानदाराने थोडे कापूनच पैसे परत दिले. उरलेल्या रकमेत नवं काही येणं शक्य नव्हतं. म्हणून आम्ही जुन्या भोपाळात शफीकभाईंकडे गेलो. लग्नाच्या वरातींचे फाटके स्पीकर दुरुस्त करून विकणारा हा माणूस. या वेळी बरोबर नगमा आणि तिची आई होती. वहिनींनी दुकानातल्या फळ्यांच्या माळ्यावर नगमाला अनवाणी उभं केलं आणि शफीकभाईंना तिथेच एकेक स्पीकरचा बॉक्स वाजवायला सांगितलं. दोनदा नगमाने नकार दिला. तिसरा होता अठरा इंची, एकटाच, कोपरा फुटलेला, रंग उडालेला. तो वाजला आणि नगमाचा चेहराच बदलला. तिने वहिनींचा हात ओढून स्वतःच्या छातीच्या हाडावर ठेवला आणि दुसऱ्या हाताने हवेत ताल धरला, अगदी बिनचूक.

"बाई साब, ये सिर्फ भारी आवाज़ का डब्बा है," शफीकभाई प्रामाणिकपणे म्हणाले. "गाने के बोल इसमें साफ नहीं आएँगे."

"बोल इन बच्चों को चाहिए भी नहीं, भैया. आप तो बाँध दो."

पाहुण्यांना गाणं ऐकू यावं म्हणून घरचा छोटा स्पीकर नेऊ, असं वहिनींनी तिथेच ठरवून टाकलं. मी मात्र नगमाच्या पायांखालच्या फळ्या बघत होतो. शाळेत खाली दगडी फरशी होती, तिच्यातून धक्का पोचणार कसा? एवढ्या वर्षांत शंभरदा मोटारींच्या पायाचं कंपन मोजलं, आणि साधी ही गोष्ट डोक्यात आली नव्हती. गोविंदपुऱ्यातल्या एका ओळखीच्या कारखानदाराकडे यंत्रांच्या पॅकिंगच्या लाकडी पेट्या पडून होत्या. त्या मागून आणल्या, फळ्यांना रंधा मारला आणि तीन दिवस खपून हॉलमधल्या स्टेजभर पोकळ लाकडी चौथरा केला. बॉक्स त्याच्यावरच ठेवला. वहिनींनी त्यावर अनवाणी दोन फेऱ्या मारल्या, मध्ये थांबल्या, डोळे मिटले. मग म्हणाल्या, "आता पडद्याची दोरी अडकते आहे, ती बघा."

दरवर्षी स्नेहसंमेलनात वहिनी स्टेजसमोर खाली बसून बोटांनी मात्रा मोजून दाखवायच्या आणि मुलं नाचता नाचता त्यांच्या बोटांकडे बघायची. त्या वर्षी त्या प्रेक्षकांत बसल्या, तिसऱ्या रांगेत, माझ्या शेजारी. मुलांनी एकदाही त्यांच्याकडे पाहिलं नाही. आपली मुलं समोर बघून नाचताना त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती. त्या पदराने चष्मा पुसत राहिल्या, आणि चष्मा काही स्वच्छ होईना...

मागच्या महिन्यात शाळेत शोकसभा झाली. नगमा आता तिथेच नाच शिकवते. मुख्याध्यापिका दोन मिनिटं मौन पाळू या म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच उमगलं की इथे त्याला काय अर्थ. नगमाने खुणेने मुलांना चपला काढायला सांगितल्या, चौथऱ्यावर उभं केलं, बॉक्स सुरू केला. संथ, एकसारखा ताल. मुलांनी डोळे मिटले. मीही बूट-मोजे काढून त्यांच्यात जाऊन उभा राहिलो. मनातल्या मनात एकदाचं म्हणालो, वहिनी, ते मी निवडले होते.

ताल थांबला. कुणी खूण केली नाही, पण संपलं हे सगळ्या मुलांना एकाच क्षणी कळलं आणि सगळ्यांनी डोळे उघडले. मला मात्र उघडायला जरा वेळ लागला.