विमान पूर्ण, माणूस कोपरापर्यंत

धाकट्या दिरांना सगळी गल्ली ‘पायलट’ म्हणते. स्टुलावर चढून दिवा बदला म्हटलं तर ह्यांना भोवळ येते, पण नाव पायलट. जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झाले, लग्न केलं नाही, आणि आता माडीवरच्या खोलीत बसून लढाईतल्या जुन्या विमानांचे फोटो गोळा करतात. देवापुढे बसून कुणाला नावं ठेवू नयेत, म्हणून उठल्यावर लिहिते आहे.

जुने मेकॅनिक, वैमानिकांच्या विधवा, भंगारवाले, सगळ्यांना ह्यांची पत्रं जातात. अक्षर असं की कोंबडीने पाय ओढले तर त्याहून बरं. दोनदा पाकिटं परत आली तेव्हा पत्ते घालायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मीही खुळी, प्रत्येक पत्ता आधी माझ्या रोजच्या वहीत उतरवून ठेवते.

पलीकडच्या मास्तरीणबाई ब्याऐंशीच्या. त्यांचा थोरला भाऊ लढाऊ विमान चालवायचा, तो लढाईतून परतलाच नाही. वडिलांनी दुःखाच्या भरात घरातले त्याचे सगळे फोटो जाळले. गेल्या वर्षी बाई मला म्हणाल्या, “आता डोळे मिटले की नुसती टोपी दिसते गं. टोपीखाली चेहराच नाही.” भावाच्या एका पत्रात त्याच्या विमानाचा नंबर होता. तेवढा त्यांनी पायलटसाहेबांच्या हवाली केला.

सात महिने शोध चालला. मेहनत खरी, खोटं का लिहू? मंगळवारी सकाळी माडीवरून आरोळी आली, “वहिनी, सापडलं!” बाई ठेवणीतले कपडे घालून, नवा चष्मा लावून आल्या. जिना चढताना दोनदा थांबल्या.

भावजींनी अल्बम उघडला. विमान होतं. नाकापासून शेपटीपर्यंत, नंबरसकट, लख्ख. आणि पंखावर टेकलेला एक हात, कोपरापर्यंत. पुढे फोटो संपला होता.

“भाऊ कुठाय?” बाईंनी विचारलं.

“हा काय, हात आहे की!” भावजी म्हणाले. “फोटो कप्प्यात बसेना, म्हणून उजवी बाजू कापली. माणसं काय हो, कुठल्याही फोटोत असतात. विमान दुर्मिळ आहे.”

“आणि कापलेला तुकडा?” मी विचारलं.

“तो शुक्रवारीच कचऱ्यात गेला. नंबर तर मी आज ताडून पाहिला.”

देवळात जाऊन पायऱ्या मोजून परत यावं, तशी ही अक्कल!

बाईंनी चष्मा काढून डबीत ठेवला. मग मीच म्हटलं, “भावजी, फोटो पाठवला कुणी? त्यांच्याकडे निगेटिव्ह असेल.”

“असेल काय, आहेच. पण पत्ता मागू नका. उद्या दुसरा कुणी जाऊन सगळा खजिना उचलेल. आम्हा संग्राहकांचे नियम असतात, वहिनी.”

नियम म्हणे! जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनींना साखळ्या लावल्या, आता दुसऱ्यांच्या मेलेल्या भावांना कुंपण घालायला निघाले.

मी वही काढली. सात महिन्यांचे एकेचाळीस पत्ते. त्यातला खरा कुठला ते ठाऊक नव्हतं. म्हणून तीन दुपारी बसून बाईंच्या नावाने एकेचाळीस पत्रं लिहिली आणि स्वतः जाऊन पेटीत टाकली. दिरांच्या पाठीमागे केलं, हे देवाला सांगून टाकलं आहे. पश्चात्ताप मात्र काही केल्या आणता आला नाही.

एकविसाव्या दिवशी बाईंकडे जाड पाकीट आलं. फौजेतल्या एका जुन्या फोटोवाल्याच्या सुनेने निगेटिव्हवरून नवी प्रत काढून पाठवली होती. सोबत चिठ्ठी होती, ‘सासरे म्हणायचे, ही पोरं फार हलायची, फोटो नीट येऊ द्यायची नाहीत.’

बाईंनी फोटो खिडकीपाशी नेला. पंखाला टेकलेला, हसू दाबणारा एक पोरगा.

“अगं बाई, कान!” त्या म्हणाल्या. “कान विसरलेच होते मी. आई त्याला कानाला धरून उठवायची.”

भावजींना कसा वास लागला देव जाणे. चपलासुद्धा न घालता धावत आले. “निगेटिव्हवरची प्रत? मग शेपटी आणखी स्पष्ट आली असेल! बाई, नंबर दिसतो का बघा ना.”

बाईंनी मान वर केली नाही. “थांबा हो,” त्या म्हणाल्या. “मी अजून त्याच्या भुवयांशीच आहे.”