बिनतारी उखाणा

आमच्याकडे जेवणाचं टेबल आहे, पण त्यावर कुणी जेवत नाही. आमचे हे निवृत्त झाले आणि आठवडाभरात माळ्यावरून त्यांचा तरुणपणीचा कॉम्प्युटर खाली उतरला. कॉम्प्युटर म्हणजे दिसायला नुसता एक जाडा कीबोर्ड, सगळं यंत्र त्याच्याच पोटात. पडदा म्हणून त्याला घरातला टीव्ही लागतो आणि प्रोग्राम भरायला कॅसेटचा टेपरेकॉर्डर. लग्नाआधी दिल्लीहून आणलेला. तेव्हा म्हणे आमच्या सगळ्या शिंदे की छावनी मोहल्ल्यात असा दुसरा नव्हता. आजही नाही, आणि त्याला कारण आहे.

एवढ्यावर भागलं असतं तर मी काही बोलले नसते. पण ह्यांनी बोटाएवढी एक वायफायची पट्टी मागवली, भर दुपारी पंखा बंद करून ती यंत्राला डाग देऊन जोडली, आणि एक दिवस टीव्हीवर पोलंडमधला कुणी गृहस्थ मोठ्या इंग्रजी अक्षरांत विचारू लागला, तुमच्याकडे हवा कशी आहे? ह्यांनी एकेक बटण शोधून उत्तर दिलं, गरम. पुढे दोघांनाही काही सुचलं नाही. तरी हे इतके खूश की संध्याकाळी इंदरगंज बाजारातून जिलबी घेऊन आले.

"हे फोनवर होत नाही का?" मी विचारलं.

"होतं की. लगेच होतं."

"मग?"

"मग त्यात काय मजा?"

असल्या उत्तरांनी माझं डोकं फिरतं. चैत्रगौरीचं हळदीकुंकू तोंडावर आलं होतं. मी स्पष्ट सांगून टाकलं: त्या दिवशी चार बायकांसमोर ह्या यंत्राने एक तरी कामाचं काम करून दाखवावं, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाला. ह्यांनी मान डोलावली आणि उगीचच कीबोर्डवरची धूळ पुसली. ते बघून मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून अजून राग आला.

ह्यांनी शक्कल काढली ती अशी. ह्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या वन्सं, इंदूरला असतात. गुडघ्यामुळे त्यांना यंदा येता येणार नव्हतं. त्या तिकडे फोनवर लिहितील आणि इकडे टीव्हीवर उमटेल. म्हणजे हळदीकुंकवाला आल्यासारखंच.

त्या दिवशी एका बाजूला पाळण्यात गौर, दुसऱ्या बाजूला टीव्ही, मध्ये बायका डाळ-पन्हं घेऊन बसलेल्या. वन्संचं मराठी इंग्रजी लिपीत एकेक अक्षर करून सावकाश उमटत होतं आणि सगळ्याजणी आरती म्हणावी तशी मोठ्यानं वाचत होत्या. नमस्कार. डाळ आंबट आहे ना? मागच्या वर्षी नव्हती. हे वाचताना आवाज जरा जास्तच चढला.

आलेल्यांत सगळ्यांत मोठ्या हजीरा मोहल्ल्यातल्या काकू. त्या म्हणाल्या, "नुसती चौकशी काय करते? नाव घ्यायला सांग तिला."

झालं. अक्षरं येऊ लागली. चैत्रगौरीच्या डाळीत कैरीची फोड... आणि लाइट गेली.

शेजारची नवी सून म्हणाली, "काकू, फोनपर ही बुलवा लो ना, झंझट खतम."

"अर्धं टीव्हीवर, अर्धं फोनवर, असं कुठं नाव घेतात का?" काकू म्हणाल्या. "उखाणा सुरू झाला की पुरा होईस्तोवर उठायचं नाही. कुंकूबी मग लावू."

त्यांच्यापुढे कोण बोलणार? बायका पदराने वारा घेत बसल्या. पन्हं संपलं. ओटीसाठी भिजवलेले हरभरे कुणीतरी खायला घेतले, मग सगळ्यांनीच घेतले. एकीचा नवरा दोनदा बोलवायला येऊन गेला. हे दारात उभे राहून खांबावरच्या तारेकडे असे बघत होते की मी मूठभर हरभरे त्यांच्या हातात नेऊन ठेवले.

लाइट आली, पण यंत्राला काही आठवत नव्हतं. एकदा बंद झालं की त्यातलं सगळं पुसलं जातं. पुन्हा कॅसेट लावली. तिची चरचर आणि किरकिर सुरू झाली तशी सून म्हणाली, "खराब हो गया क्या?"

"नाही, हे असंच असतं. होईल आत्ता," मी म्हणाले, आणि माझं मलाच नवल वाटलं.

इकडे ह्यांनी वन्संना फोन लावला, तर त्या अडून बसल्या. "मी तर घेतलं नाव, दादा. तुझ्याकडे पोचलं नाही त्याला मी काय करू? नाव काय परत परत घेतात?" काकूंनी फोन हातात घेतला. "ए पोरी, आम्ही सगळ्या भूखे बैठे हैं इथे. पाठव." आणि पडद्यावर अख्खी फोड आली, मग नाव आलं, शेवटी संसारात सगळंच गोडही आलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पोलंडवाला मध्येच डोकावून हवा विचारून गेला.

मी कुंकवाचा करंडा उचलला, तर काकू म्हणाल्या, "थांब. आता तू. त्याच्यातच."

इतक्या वर्षांत मी ह्यांना 'अहो'शिवाय हाक मारलेली नाही. लग्नात नाव घेतलं ते इतकं पुटपुटत की सासूबाईंनी नंतर विचारलं होतं, घेतलं का? पण सगळ्याजणी टीव्हीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी टेबलाशी बसले. हे पाठीमागे उभे राहिले. बटणं फार घट्ट होती.

टेबल गेलं, टीव्ही गेला, गेली जेवायची सोय,

मग मी नाव लिहिलं. ते इथे पुन्हा लिहिणार नाही. हातभर लांब अक्षरांत ते टीव्हीवर उमटलं, आणि त्याच्यापुढे मी लिहिलं: राव विचारतात ठेवू का, तर मी म्हणते होय.

बायका काय म्हणाल्या ते मला ऐकू आलं नाही. हे चष्मा पुसत आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

सकाळी भंगारवाला हाक मारून गेला. टीव्ही तसाच चालू होता, त्यावर माझा उखाणा. मी रिमोट उचलला तर हे म्हणाले, "यंत्राला हात लावू नकोस, पुसलं जाईल." मी पोह्यांच्या बशा जमिनीवर मांडल्या.