बंद पेटीतली सावर

छावणीच्या बाजारामागं एक बोळ आहे, तिथं गोकुळचं दुकान. गाड्यांना साउंड बसवून देतो. आधी तो सुतारकाम करायचा. पलंग, कपाटं, देव्हारे. लोक तयार पलंग आणायला लागले तसा तो डिकीत बसणाऱ्या वूफरच्या, म्हणजे जाड आवाजाच्या स्पीकरच्या, पेट्यांकडं वळला. भोक ठेवलेल्या, नुसत्या घुमणाऱ्या पेट्या कुणीही ठोकून देतं. गोकुळचं नाव बंद पेटीसाठी. जिच्यातून हवेला सुई एवढी वाट नाही अशी पेटी. तिचा ठोका म्हणे दार आपटल्यासारखा येतो, मागं शेपूट राहत नाही.

नाव गोकुळचं असलं तरी पेटी बंद व्हायची ती दीपमालेच्या बोटांनी. गोकुळ फळ्या कापून, डिंक लावून, स्क्रू पिळून मोकळा व्हायचा. मग दीपमाला लाकडाचा भुसा डिंकात कालवून आतल्या सगळ्या कोपऱ्यांतून बोट फिरवायची, करंजीची कड दाबावी तशी. पेटी वाळली, वूफर बसला, की गोकुळ एक जाड, खोल सूर लावून ठेवी आणि दीपमाला पेटवलेली उदबत्ती सांध्यासांध्यावरून नेई. धूर सरळ वर गेला तर पेटी पक्की. धूर थरथरला की समजायचं, इथून हवा जाते.

दुकानाच्या मागंच घर. ओट्यावर बसलेल्या मनकर्णाबाईंना हे सगळं दिसायचं.

"देवापुढची उदबत्ती खोक्याला ओवाळती," त्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणायच्या. "हिच्या बापानं तरी कवा देव बघितला व्हता का."

दीपमाला बोलायची नाही. बावीस वर्षांची या घरात आली, तेव्हापासून सासूला उत्तर देत नव्हती.

मनकर्णाबाई सोयगावच्या. त्यांच्या माहेरामागं डोंगराच्या उतारावर काटेसावरीची झाडं. उन्हाळ्यात बोंडं फुटली की मायलेकी सावर, म्हणजे त्यातला रेशमासारखा कापूस, वेचायच्या. त्या सावरीची एक गादी करून त्यांच्या आईनं लग्नात दिली होती. मनकर्णाबाई जन्मभर तिच्यावर निजल्या. दुसऱ्या कुणाला त्यांनी तिच्यावर टेकूही दिलं नाही. वर्षातून एकदा ती ओट्यावर ऊन खायला पडायची, आणि तेव्हा त्या काठी घेऊन मांजरं हाकत बसायच्या.

श्रेया झाली तेव्हाची गोष्ट. भर थंडीत दीपमाला बाळंत होऊन दवाखान्यातून घरी आली. खाली फरशी, वर पोतं आणि सतरंजी. अंगात कणकण होती. गीताबाई शेजारीण म्हणाली, "मनकर्णाआक्का, चार दिस तुमची गादी द्या की पोरीला."

"डाग पडंल," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तिच्या माहेरात सावर नाय का? बिडकीनच्या काळ्या रानात कापूस म्हनं ढिगानं पिकतो. आना म्हनावं."

श्रेया आता पुण्याला नर्सिंग शिकते. दीपमालेच्या कमरेतली थंडी मात्र गेली नाही.

यंदा संक्रांतीनंतर मनकर्णाबाई चुलीपुढं बसल्या बसल्या कलंडल्या. डोक्यात रक्ताची गाठ झाली होती. सरकारी दवाखान्यात नेलं. डोळे मिटलेले, नाकात नळी. डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही, वाट बघा. दीपमाला रोज जायची. अंग पुसायची, कूस बदलायची, पाय चोळायची. सून म्हणून जे करायचं त्यात तिनं तसूभर कमी केलं नाही. वॉर्डातल्या बायका म्हणायच्या, लेक असावी तर अशी.

त्याच दिवसांत बिडकीनचा इंद्रजीत नवी गाडी घेऊन आला. जमीन कारखान्यांकडं गेलेल्या घरातला पोरगा. त्याला बंदच पेटी हवी होती. महिन्याभरात साउंडच्या गाड्यांची स्पर्धा भरणार होती, तिथं त्याला नाव काढायचं होतं. गोकुळनं डिकी उघडली आणि बघतच राहिला. निम्म्या जागेत गॅसची टाकी.

"इंद्रजीतदादा, ही डिकी हाय का बाईचा बटवा?"

"म्हनून तर तुमच्याकडं आलो, गोकुळशेठ. मोकळ्या डिकीत तर माझी आज्जीबी पेटी बसवंल."

गोकुळनं पुठ्ठे कापून टाकीच्या गोलाईला लावून बघितले. मागची बाजू सीटच्या कलाला तिरपी धरली. लांबी, रुंदी, खोली घेतली, मधून फळ्यांची जाडी वजा केली, वूफरच्या चुंबकानं खाल्लेली जागा वजा केली. उरली ती हवा वूफरला पुरणारी नव्हती. एवढ्या कोंडीत ठोका आखडतो, खालचा सूर उतरतच नाही. पेटी मोठी करता येईना, टाकी हलवता येईना. मग एकच उपाय. आत कापूस भरायचा. कापसात हवा अडखळत चालते आणि वूफरला वाटतं आपल्यामागं जागा आहे.

त्यानं खेळण्यात भरतात तो पांढरा धागा भरून बघितला. मन भरलं नाही. गिरणीचा कापूस भरला, त्याचे गोळे होऊन खाली बसले. एका जुन्या रेडिओवाल्यानं त्याला पूर्वी सांगितलं होतं की सावरीसारखं काही नाही. हलकी असते, ओल धरत नाही, बसत नाही. त्या दिवशी जेवताना गोकुळची नजर आईच्या बाजेकडं गेली.

"ती गादी तशीच पडलीय," तो म्हणाला.

दीपमालेचा घास हातात राहिला. "आत्याबाईंची हाय."

"माझ्या मायची हाय, मला ठाव नाय का? पर ती आता उठती का? अन् उद्या काय झालं तर अंथरूण तसंबी टाकूनच द्यावं लागतं." मग ताट सरकवत म्हणाला, "तू उसव. माझ्यानं नाय व्हायचं."

म्हणजे गादी हवी होती त्याला, आणि हात हवा होता बायकोचा.

दीपमालेनं भांडी घासली. मग कात्री घेतली आणि गादीच्या एका टोकाला बसली. टाके जुने, हातशिलाईचे, सासूच्या आईच्या हातचे. एकेक टाका कट् कट् तुटत गेला. गीताबाई पीठ मागायला आली ती दारातच थबकली.

"अगं, जित्या माणसाचं अंथरूण उसवत नसतेत."

"त्या येनार नाय आता, गीताकाकू."

"नाय आल्या तर नाय. जीव हाय तवर तरी थांब."

दीपमाला थांबली नाही. सावर उडाली, केसांत, पापण्यांवर, देवाच्या फळीवर जाऊन बसली. निम्म्या गादीचे जुन्या घामानं गोळे झाले होते, ते तिनं उकिरड्यावर नेऊन टाकले. चांगली निघाली ती जेमतेम अर्धं पोतं झाली. पोतं भरताना हात आत गेला तो थेट कोपरापर्यंत, आणि तिला ती ऊब कळली. अठरा वर्षांपूर्वी हीच ऊब चार दिवस मागितली होती. त्या संध्याकाळी दिवा लावताना तिनं रोजच्यासारखं सासूसाठी मागणं मागितलं नाही. देवापुढं नुसती उभी राहिली आणि वळली.

पेटीत भरायला सावर फार लागत नाही. ओंजळ-दोन ओंजळी, त्याही पिंजून, सैल. दाबून भरली तर हवेला जागाच राहत नाही आणि पेटी मुकी होते. हे भरण्याचं कामही दीपमालेचंच होतं. तिनं सावर पिंजली, आतून जाळी लावून अडकवली. वूफर कसला. सूर लागला. उदबत्तीचा धूर सरळ आढ्याला गेला.

गोकुळनं वूफरचा पडदा बोटांनी हळूच आत दाबला आणि सोडला. तो झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा सावकाश वर आला.

इंद्रजीतनं डिकी लावून गाणं लावलं, तेव्हा समोरच्या दुकानाचं शटर थरारलं. "गोकुळशेठ, काय घातलं आत?"

"मायचा आशीर्वाद," गोकुळ म्हणाला आणि हसला. इंद्रजीतही हसला.

इंद्रजीतनं स्पर्धेत नाव काढलं. मग त्याच्या ओळखीनं गाड्या यायला लागल्या. सगळ्यांना तसलीच पेटी पाहिजे. पोत्यातली सावर संपत आली.

आणि मनकर्णाबाईंनी डोळे उघडले.

आधी डोळे, मग एक हात, मग तोंड. पहिलं काय मागितलं तर चहा. डॉक्टरांनाही नवल वाटलं. वॉर्डातल्या बाया दीपमालेला म्हणाल्या, तुझ्या सेवेला फळ आलं गं. दीपमालेनं मान खाली घातली. घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "आत्याबाई येनार. काय सांगायचं?"

"फोमची आन एक. मऊ असती. तिला कळनार बी नाय."

मनकर्णाबाईंना रिक्षातून उतरवून बाजेजवळ आणलं. बाजेवर निळ्या फुलांची नवी गादी. त्यांनी चांगल्या हातानं ती दाबून बघितली, वास घेतला, आणि उभ्याच राहिल्या.

"माझी गादी कुठंय?"

गोकुळचा मोबाइल वाजला नव्हता तरी तो कानाला लावून दुकानात गेला. जाता जाता म्हणाला, "दीपमालेला इचार."

दीपमालेला वाटलं होतं, या घडीला आपली जीभ टाळ्याला चिकटेल. पण नाही.

"मी उसवली," ती म्हणाली. "पेट्यांत भरली. गाड्यांच्या."

"माझं दहावं बी घातलं आसंल."

"नाय घातलं. तेवढं राह्यलं."

या घरात आल्यापासूनचं हे पहिलं उत्तर.  मनकर्णाबाई खाली फरशीवर बसल्या, भिंतीला पाठ लावून. पाठीवर दवाखान्यातल्या जखमा होत्या, तरी फोमच्या गादीवर टेकल्या नाहीत. दीपमालेच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. गीताबाईनं आणून दिलं तर प्यायल्या. दुसऱ्या दिवशीपासून ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून सांगायला लागल्या, "मी मेले म्हनून माझं अंथरूण इकलं हिनं. बघा, मेलेलं मानूस कसं बसलंय." लोक आधी हळहळले. मग गिऱ्हाइकांसमोरही हेच सुरू झालं, तशी गोकुळनं भुवई चढवली.

"माय, इथं भुसा उडतो, दिसभर दणदण चालती. तुझ्या डोक्याला बरं नाय. सोयगावला जा थोडे दिस. आप्पाराव हाय तिथं."

आप्पाराव म्हणजे मनकर्णाबाईंचा भाचा. मनकर्णाबाईंचा चेहरा उतरला. पोरानं वाटेला लावलं हे त्यांना कळलं, आणि त्यांनी ते लगेच दुसऱ्या माणसाच्या माथी मारलं. "हिनं कान भरले तुझे. तू नाय रं तसा."

दीपमाला आयुष्यात पहिल्यांदा सासूच्या बाजूनं बोलली. "राहू द्या त्यांना. मी करीन त्यांचं."

"तू नको करू माझं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "तुझं करनं बघितलं."

"झालं," गोकुळ म्हणाला. "दोघींचं एकमत झालं. अन् तिकडं आता बोंडं फुटली असतील नाय का, माय?"

गाडीत मनकर्णाबाई मागच्या सीटवर बसल्या. डिकीत गोकुळनं रिकामी पोती घडी करून ठेवली होती.

आप्पारावनं गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याखाली बाज टाकली होती. शेजारी कडब्याचा ढीग. "घरात जागा नाय, आत्या," तो म्हणाला, "पोरांचा अभ्यास आसतो." बाजेवर एक गोधडी. मनकर्णाबाईंनी तिला हात लावून बघितला नाही. त्यांनी काठी टेकत गोकुळला मागच्या उताराकडं नेऊन झाडं दाखवली. "ती पल्याडची घे. हिची सावर आखूड आसती."

गोकुळनं पोती भरून आणली. मनकर्णाबाई बाजेवर बसल्या, बोंडं मांडीवर घेतली आणि अंगठ्यानं बिया काढायला लागल्या. लुळा हात नुसता बोंड धरायला, चांगला हात काढायला. "बी राह्यलं तर आत वाजत बसंल रं," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक नाव ठेवंल तुला."

दीपमाला मदतीला खाली बसली. सासूनं ढीग आपल्याकडं ओढून घेतला. "तू हात लावू नको. तुझ्या हाताला उसवायचंच येतं."

गोकुळ बाजेच्या कडेला बसून मोबाइल बघत होता. त्याला एखादा वाईट शब्द बोलावा असं मायला वाटलं नाही. दीपमालेनं मात्र फार वाट पाहिली, की ही बाई एकदा तरी त्याच्याकडं तोंड करून शिव्या देईल. मनकर्णाबाई त्याला पाणी प्यायलास का विचारत होत्या.

उन्हं कलली. पोती गच्च झाली. ती मागच्या सीटवर, मनकर्णाबाई बसल्या होत्या तिथंच रचली, काचा चढवल्या. आप्पारावनं गोठ्याच्या खांबाला टेकून विचारलं, "आत्याला न्यायला कवा येता मग?"

"हे संपलं की यायचंच हाय," गोकुळ किल्ली फिरवत म्हणाला.

मनकर्णाबाई बाजेवरून पुढं वाकल्या. त्यांच्या डोळ्यांत पहिल्यांदा काहीतरी लकाकलं. "मग दाबून भर रं," त्या म्हणाल्या. "कंजूषी करू नको. गच्च भर एकेक पेटी, म्हंजी लवकर संपंल."

"व्हय, व्हय."

दीपमाला दाराला हात लावून उभी होती. एका पेटीला किती सावर लागते हे तिच्या हातांना पाठ होतं. मागच्या सीटवर दोन-तीन वर्षं पुरेल एवढी सावर होती. सासूनं तिच्याकडं बघितलं. बहुतेक ती काही सांगेल म्हणून.

ती गाडीत बसली आणि तिनं दार ओढून घेतलं.