मागच्या खोलीतलं वायफाय

दुपारी बहिणीची नोकरीसाठी ऑनलाइन मुलाखत होती. आंधळगावच्या आमच्या घरात राउटर समोरच्या खोलीत आहे आणि तिथंच बाबांचा हातमाग चालतो. मागची खोली शांत, पण तिथं वायफाय पोचत नव्हतं. म्हणून मी एक जुना राउटर मागे ठेवून समोरच्याला वायरनं जोडला. जोडताच साऱ्या घराचं नेट गेलं.

मी दोन्ही खोल्यांत येरझारा घालू लागलो.

"कायले घाबरून राहिला? मी माग बंद ठेवतो," बाबा म्हणाले.

"नोका ठेवू, लुगडं उद्या द्यायचं आहे," बहीण म्हणाली.

शेवटी कळलं, दोन्ही राउटरचा नेटवर्कवरचा पत्ता एकच होता आणि दोघंही घरातल्या फोनांना पत्ते वाटत होते. जुन्याचा पत्ता बदलला, त्याचं वाटप बंद केलं. नेट आलं. बहिणीनं दार लावून घेतलं.

तरी मला बसवेना. मिनिटामिनिटाला मोबाईलवर रेंज बघत होतो. समोर गेलो, तर माग थांबलेला आणि बाबा दाराकडे कान लावून बसलेले.

बहीण बाहेर आली. "एकदाही अटकलं नाही."

"अन् नोकरी?" बाबांनी विचारलं.

"ते कळवतील म्हणे."

बाबांनी पुन्हा धोटा हातात घेतला. मी मोबाईल खिशात ठेवला आणि रेंज बघायला लगेच काढला.