धुतलेल्या हातांनी नमस्कार

मंडळी, ऐका.

आज सकाळी आमच्या संस्थानच्या इस्पितळात हजीरा वस्तीतले एक म्हातारे मास्तर आले. हर्नियात आतडं अडकलेलं, उशीर म्हणजे जिवाशी खेळ. पाठीत इंजेक्शन देऊन कंबरेखाली बधिर केलं, पण ते जागेच होते.

मदतीला उभा असलेला माझा विद्यार्थी लहानपणी त्यांच्याच शाळेत शिकलेला. मास्तरांनी हाक मारली, तसा हा वाकला आणि धुतलेल्या हातांनी त्यांच्या पायांना शिवला. हात धुतल्यावर कशाला शिवायचं नाही, हे वर्गात किती घोकून घेतलं होतं मी.

"परत हात धू," मी म्हणालो.

"सर, देर हो जाएगी."

"जा."

तो नळाकडे धावला. मी सुरी घेऊन नुसता उभा. तेवढ्यात मास्तर म्हणाले, "नीट धू रे. मी थांबतो."

आतडं वाचलं. पण सांगा, आज शिकवत कोण होतं?